खेळाडू खरंच ‘विकत’ घेतात का?



फुटबॉलच्या बातम्यांत ‘अमुक खेळाडू इतक्या कोटींना विकला’ असं छापून येतं. धनजच्या आमच्या वर्गात एकाने विचारलं, “सर, बैल विकतात तसा माणूसही विकतात का?” प्रश्न साधा आहे, पण नागरिकशास्त्राचा अख्खा तास त्यात मावतो.

उत्तर आहे, नाही. खेळाडू हा क्लबचा पगारी कामगार असतो. त्याचा ठराविक मुदतीचा करार असतो. मुदतीआधी त्याला न्यायचं असेल तर नवा क्लब जुन्या क्लबला जी भरपाई देतो, तिलाच आपण ‘किंमत’ म्हणतो. त्यातही खेळाडूची संमती लागतेच.

पण पूर्वी करार संपला तरी सुटका नसे. बेल्जियमच्या जाँ-मार्क बोसमनचा करार 1990 मध्ये संपला. लिएज क्लबने नव्या करारात पगार एक चतुर्थांशावर आणला. त्याला फ्रान्सच्या डंकर्क क्लबकडे जायचं होतं, पण पैशांवरून ते अडलं. तो कोर्टात गेला. 15 डिसेंबर 1995 रोजी युरोपीय न्यायालयाने ठरवलं की, करार संपल्यावर युरोपीय संघातल्या दुसऱ्या देशात जाणाऱ्या खेळाडूसाठी जुन्या क्लबला पैसे मागता येणार नाहीत. बोसमन जिंकला, पण तोवर त्याची उमेदीची वर्षं गेली होती.

आपल्याकडे असं काही झालंय का? फुटबॉलमधलं नाही, पण जवळचं उदाहरण आहे श्रीरामपूरच्या झहीर खानचं. 2000 मध्ये त्याने जाहिरातींची कामं पाहणाऱ्या कंपनीशी तीन वर्षांचा करार केला. त्यात एक अट होती. मुदत संपल्यावरही दुसऱ्या कंपनीकडे जाण्याआधी तिचा प्रस्ताव या कंपनीला दाखवायचा आणि तेवढेच पैसे देण्याची पहिली संधी तिला द्यायची. 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की, मुदतीनंतर बांधून ठेवणारी ही अट भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 27 नुसार रद्दबातल आहे.

दोन्ही खटल्यांचा धडा एकच : करार संपला की माणूस मोकळा.

आता फिफाचे काही नियम पाहूया :

• करार जास्तीत जास्त 5 वर्षांचा; 18 वर्षांखालील खेळाडूचा 3 वर्षांचा.
• शेवटच्या 6 महिन्यांत खेळाडू दुसऱ्या क्लबशी पुढचा करार करू शकतो.
• दोन महिन्यांचा पगार बेकायदा थकवला, लेखी कळवून 15 दिवसांची मुदत दिली, तरीही मिळाला नाही, तर खेळाडू करार मोडू शकतो.
• काही अपवाद सोडले तर 18 वर्षांखालील मुलांना परदेशी क्लबमध्ये नेता येत नाही.

पालकांनी एवढं लक्षात ठेवावं. आपल्या कायद्यात अज्ञान मुलाने स्वतः केलेला करार टिकत नाही, म्हणून अकादमीच्या कागदावर सही तुमची मागतात. सही करण्याआधी मुदत किती, पैसे कोण देणार, दुखापत झाली तर खर्च कोणाचा आणि मधेच सोडायचं असेल तर काय, हे वाचा. इंग्रजी अडलं तर शाळेत या, बसून वाचू. कागदाची एक प्रत मात्र घरी ठेवाच.

वर्गासाठी उपक्रम : ‘विकला’ हा शब्द न वापरता खेळाडूच्या क्लबबदलाची बातमी पाच ओळींत लिहा.