एक किलोमीटरच्या आतली मुले

कायदा आणि शाळा : भाग ५

गेल्या भागात आपण स्वयंअर्थसहाय्यित शाळांचा २०१२ चा कायदा पाहिला. त्याच शाळांत गरिबाच्या मुलाला जागा मिळते की नाही, हा आजचा विषय.

९ फेब्रुवारी २०२४ रोजी महाराष्ट्र शासनाने शिक्षण हक्काच्या नियमांत एक दुरुस्ती राजपत्रात प्रसिद्ध केली. विनाअनुदानित खासगी शाळेपासून एक किलोमीटरच्या आत शासकीय किंवा अनुदानित शाळा असेल, तर त्या खासगी शाळेने २५ टक्के राखीव जागा भरण्याची गरज नाही, असे त्यात म्हटले होते. वाचायला ही किरकोळ दुरुस्ती वाटते. पण लातूरच्या गंजगोलाईपासून किंवा नांदेडच्या वजिराबादपासून एक किलोमीटर चालत गेलात, तर जिल्हा परिषदेची, महापालिकेची नाहीतर एखाद्या जुन्या संस्थेची अनुदानित शाळा वाटेत लागल्याशिवाय राहत नाही. हमाल, घरकाम करणाऱ्या बाया, गाडेवाले, गावाकडून मुलांच्या शिक्षणासाठी खोली करून राहिलेली कुटुंबे याच दाट वस्त्यांत राहतात. त्यांच्यासाठी इंग्रजी शाळेचे दार त्या एका दुरुस्तीने बंद झाले.

मूळ कायदा काय सांगतो ते आधी पाहू. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम (आरटीई) संसदेने २००९ मध्ये केला आणि तो १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्यातल्या कलम १२ नुसार खासगी विनाअनुदानित शाळेने पहिलीच्या (किंवा पूर्वप्राथमिक असेल तर तिथल्या) किमान २५ टक्के जागा वंचित गटातल्या आणि दुर्बल घटकातल्या मुलांना द्यायच्या आणि आठवीपर्यंत त्यांच्याकडून शुल्क घ्यायचे नाही. शाळेचा खर्च शासन भरून देते. आपण त्याला शुल्क प्रतिपूर्ती म्हणतो. महाराष्ट्रात हा दर अलीकडच्या वर्षांत मुलामागे वर्षाला १७,६७० रुपये ठरलेला आहे आणि शाळेचे प्रत्यक्ष शुल्क त्याहून कमी असेल तर तेवढेच. दुर्बल घटकासाठी उत्पन्नाची मर्यादा वर्षाला एक लाख रुपये आहे. अर्ज ऑनलाइन भरायचा, नकाशावर आपल्या घराची खूण करायची आणि सोडतीची वाट बघायची. आपल्याकडे लोक विचारतात, ‘आरटीईत नंबर लागला का?’ एवढ्या एका प्रश्नावर अनेक घरांचे पुढचे आठ वर्षांचे गणित ठरते.

आता कायदा आणि नियम यांतला फरक नीट समजून घ्यायला हवा, कारण सगळा वाद त्यावरच उभा राहिला. कायदा विधिमंडळात किंवा संसदेत होतो. त्यावर चर्चा होते, विरोधी बाक बोलतात, मतदान होते. कायदा राबवण्यासाठी लागणारे नियम मात्र शासन करते आणि ते राजपत्रात छापून येतात. फेब्रुवारीची दुरुस्ती अशीच आली. ती लागू होण्याआधी कुठल्याही सभागृहात तिच्यावर मतदान झाले नव्हते. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ३८ नुसार राज्याने केलेले नियम विधिमंडळापुढे ठेवावे लागतात. ठेवलेल्या नियमावर आमदाराने बोलावे यासाठीच ही तरतूद आहे. पण सभागृहाच्या पटलावर ठेवलेल्या कागदांच्या गठ्ठ्यातून एखादा नियम उचलून त्यावर आवाज उठवणारा आमदार विरळा. इतक्या मोठ्या बदलाची चर्चा शेवटी न्यायालयात झाली. ती आधी सभागृहात व्हायला हवी होती, असे मला ठामपणे वाटते.

शासनाची बाजूही मांडली पाहिजे. सरकारी शाळांची पटसंख्या घसरते आहे, वर्ग रिकामे पडत आहेत, आणि आपल्याच शाळा ओस पडत असताना खासगी शाळांना कोट्यवधी रुपये का द्यायचे, असा तो प्रश्न होता. प्रश्न खरा आहे. प्रतिपूर्तीची थकबाकी वर्षानुवर्षे साचलेली होती आणि ती मिळत नाही म्हणून संस्थाचालकांच्या संघटना दरवर्षी प्रवेशाच्या तोंडावर बहिष्काराची भाषा करत होत्या.

पण उपाय काय निघाला? नव्या नियमाने जिल्हा परिषद, महापालिका आणि अनुदानित शाळाही २५ टक्क्यांच्या यादीत आल्या. राज्यभरात सुमारे ७६ हजार शाळा आणि पावणेदहा लाख जागा दाखवल्या गेल्या. जिल्हा परिषदेच्या शाळेत प्रत्येक मुलाला प्रवेश आधीच मोफत आहे. तिथे २५ टक्के जागा राखून ठेवण्याने कोणाला काय मिळाले? पालकांनी याचे उत्तर अर्जांतून दिले. आदल्या वर्षी तीन लाखांवर अर्ज आले होते, नव्या नियमाखाली एक लाखही आले नाहीत. ज्याला जिल्हा परिषदेच्या शाळेत जायचे होते, त्याला सोडतीची गरजच नव्हती.

आणि सरकारी शाळा वाचवण्याचे म्हणाल, तर त्याच वर्षी १५ मार्चला, म्हणजे जेमतेम पाच आठवड्यांनी, संचमान्यतेचा, म्हणजे पटसंख्येनुसार शिक्षकांची पदे मंजूर करण्याचा, नवा शासन निर्णय निघाला. सहावी ते आठवीच्या वर्गांत मिळून वीसपेक्षा कमी मुले असतील तर तिथे शिक्षकाचे पदच मंजूर होणार नाही, असे त्यात होते. जळकोट, देवणी, हिमायतनगर, माहूर या तालुक्यांतल्या लहान गावांना याचा अर्थ सांगावा लागत नाही. एका हाताने मुलांना सरकारी शाळेकडे वळवायचे आणि दुसऱ्या हाताने तिथला शिक्षक काढून घ्यायचा, या दोन निर्णयांचा मेळ कसा बसवायचा, ते मला उमगलेले नाही.

दुरुस्तीविरुद्ध पालक आणि संघटना मुंबई उच्च न्यायालयात गेल्या. ६ मे २०२४ रोजी स्थगिती मिळाली. त्यानंतर जुन्या पद्धतीने अर्ज पुन्हा सुरू झाले आणि एक लाखाहून थोड्या अधिक जागांसाठी सुमारे अडीच लाख अर्ज आले. सोडत जूनमध्ये निघाली, पण निकाल जाहीर करता येईना, कारण प्रकरण न्यायप्रविष्ट होते. शाळा जूनमध्ये सुरू झाल्या आणि ही मुले घरी राहिली. १९ जुलैला मुख्य न्यायमूर्ती देवेंद्रकुमार उपाध्याय आणि न्या. अमित बोरकर यांच्या खंडपीठाने दुरुस्ती रद्द केली. संसदेच्या कायद्याने दिलेला हक्क राज्याला नियम करून काढून घेता येत नाही, हा निकालाचा गाभा. मधल्या काळात काही शाळांनी त्या जागांवर शुल्क भरणारी मुले घेतली होती. त्यांचे प्रवेश मोडू नका, मात्र २५ टक्के जागा भरल्याच पाहिजेत, असे न्यायालयाने सांगितले. ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही यात हस्तक्षेप करायला नकार दिला.

आपल्या सीमेवरून हा विषय आणखी स्पष्ट दिसतो. देगलूर आणि उदगीरच्या पलीकडे कर्नाटकातला बिदर जिल्हा आहे. तिथे असाच नियम आधी झाला आणि २०१९ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने तो वैध ठरवला. त्यानंतर खासगी शाळांतल्या राखीव जागा तिथे झपाट्याने आटल्या. धर्माबाद आणि बिलोलीच्या पलीकडे तेलंगणा. त्या राज्याने स्थापनेनंतर कितीतरी वर्षे हे कलम लागूच केले नाही. संसदेचा कायदा एक, पण मांजरा आणि गोदावरीच्या काठाने राहणाऱ्या, नात्यागोत्याने जोडलेल्या कुटुंबांच्या मुलांना तीन राज्यांत तीन वेगवेगळे हक्क.

जगात शाळानिवडीचा वाद जुना आहे. चिलीने १९८१ मध्ये आणि अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्याने मिलवॉकी शहरासाठी १९९० मध्ये, सरकारी पैसा मुलामागोमाग खासगी शाळेत जाईल अशी व्यवस्था केली. तिचे समर्थक आणि विरोधक आजही भांडत आहेत. आपले २५ टक्के त्याच जातीचे असले तरी आपल्याकडे मूल आधी शाळेत जाते आणि पैसा वर्षानुवर्षे मागे राहतो. त्यातून मुलाकडे ‘आरटीईवाला’ म्हणून बघणाऱ्या शाळा तयार होतात.

२५ टक्क्यांच्या मर्यादाही सांगायलाच हव्यात. किनवट-माहूरच्या डोंगराळ गावांत तीन किलोमीटरच्या आत विनाअनुदानित शाळाच नसेल, तर हे कलम कागदावरच राहते. अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निकालाने हा कायदाच लागू नाही, आणि नांदेडसारख्या शहरात अशा शाळा कमी नाहीत. खोली करून राहणाऱ्याला निवासाचा पुरावा म्हणून नोंदणीकृत भाडेकरार लागतो, आणि घरमालक तो सहजासहजी करून देत नाही. सगळ्यांत मोठा धक्का आठवीनंतर बसतो. कायद्याचे संरक्षण तिथे संपते आणि नववीच्या पूर्ण शुल्काची पावती घरी येते. लातूरला नववीपासूनच पुढच्या स्पर्धा परीक्षांची तयारी सुरू होते. नेमक्या त्याच वळणावर गरिबाचे मूल एकटे पडते.

चांगली शाळा म्हणजे इंग्रजी शाळाच, हे मला मान्य नाही. निजामी राजवटीत मराठी शाळा चालवणे हेच धाडस होते. स्वामी रामानंद तीर्थ यांच्यासारखी माणसे हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेतून उभी राहिली. नरहर कुरुंदकर नांदेडच्या प्रतिभा निकेतन शाळेत शिक्षक होते आणि पुढे पीपल्स कॉलेजचे प्राचार्य झाले. लातूरचे देशिकेंद्र विद्यालय आणि केशवराज विद्यालय यांची ओळख या भागातल्या कोणालाही करून द्यावी लागत नाही. ‘लातूर पॅटर्न’चा पाया इथल्या मराठी शाळांत घडलेल्या मुलांवरच उभा राहिला. शिक्षक पुरेसे आणि जीव लावून शिकवणारे असले, की पालक माध्यम न बघता रांग लावतात. म्हणून माझे मत असे की, २५ टक्के राहिलेच पाहिजेत आणि जिल्हा परिषदेच्या शाळाही सुधारल्या पाहिजेत. यातले एक देऊन दुसरे काढून घेण्याचा सौदा शासनाने गरिबापुढे ठेवू नये. ज्यांच्याकडे शुल्क आहे त्यांच्या निवडीला फेब्रुवारीच्या दुरुस्तीने हातही लावला नव्हता. ती फक्त बिनपैशाच्या माणसावर लागू होत होती.

२०२५-२६ ची प्रक्रिया जुन्या नियमाने, जानेवारीतच सुरू झाली. सुमारे एक लाख नऊ हजार जागांसाठी तीन लाखांहून अधिक अर्ज आले. म्हणजे दर तीन मुलांतल्या दोघांचा नंबर लागणार नाही हे ठरलेलेच होते, आणि ती दोन मुले ज्या शाळेत जातील तिथे शिक्षक आहे की नाही, हा प्रश्न उरतोच.

नांदेड जिल्ह्यातून विधानसभेत नऊ आमदार जातात, लातूरमधून सहा. अधिवेशनाआधी आपल्या आमदाराला दोन गोष्टी लेखी विचारा: आपल्या जिल्ह्यातल्या शाळांची प्रतिपूर्ती किती आणि कोणत्या वर्षापासून थकली आहे, आणि आपल्या तालुक्यात संचमान्यतेमुळे किती शिक्षकांची पदे गेली. उत्तर मिळाले तर त्याची प्रत या स्तंभाकडे पाठवा. पुढच्या भागात संचमान्यतेविषयीच लिहिणार आहे.