समुद्राला न भेटणाऱ्या नदीकाठचा तंबू

मैत्रिणींनो, तंबू म्हटला की आपल्याला शाळेची सहल, सतरंजी आणि मुंग्या आठवतात. पण आफ्रिकेतल्या बोट्स्वाना देशात, ओकावांगोच्या पाणथळीत जे तंबू आहेत त्यांची तऱ्हाच निराळी! लग्नाच्या वाढदिवसानिमित्त ‘एकदा आफ्रिका पाहू’ असा बेत तुमच्या घरी शिजत असेल, तर थोडं अगोदर जाणून घ्या.

नदी अशीही असते

नद्या समुद्राला मिळतात, असं आपण मुलांना शिकवतो. ओकावांगो अंगोलाच्या डोंगराळ भागात उगम पावते, नामिबियाची चिंचोळी पट्टी ओलांडते आणि कालाहारीच्या वाळूत पसरून तिथंच संपते. अंगोलातल्या पावसाचं पाणी सपाट मुलखातून इतकं सावकाश येतं, की पोचायला काही महिने लागतात. म्हणून जून ते ऑगस्ट, म्हणजे तिथल्या ऐन कोरड्या दिवसांत, इथं पूर असतो! आजूबाजूचं रान वाळलेलं, त्यामुळे हत्ती, म्हशी, हरणं सगळी पाण्याकडे धाव घेतात. २०१४ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत ही पाणथळ हजारावी ठरली.

तंबूतला संसार

लहान कॅम्पमध्ये आठ-दहाच तंबू असतात. लाकडी चौथऱ्यावर उभे, भिंती कापडाच्या; पण आत गाद्यागिरद्या, गरम पाणी, स्वतंत्र न्हाणीघर. वीज बहुधा सूर्याची. कुंपण मात्र बहुतेक ठिकाणी नसतं. रात्री पाणघोडा तंबूशेजारी गवत खाताना ऐकू येतो. म्हणून अंधार पडल्यावर एकटीनं बाहेर पाऊल टाकायचं नाही; जेवायला न्यायला आणि परत सोडायला माणूस येतो.

पहाटे उठवतात. मग जीपमधून किंवा ‘मोकोरो’तून फेरी. मोकोरो म्हणजे खोडातून कोरलेली अरुंद होडी. आता झाडं वाचावीत म्हणून ती बरेचदा फायबरग्लासची असते. नावाडी मागे उभा राहून लांब काठीनं ती ढकलतो. दुपारी विश्रांती, संध्याकाळी पुन्हा फेरी. स्वयंपाक, भांडी यांची काळजी नाही. एवढं सुख आपल्याला माहेरी तरी मिळतं का हो?

निघण्यापूर्वी

• माऊन गावाहून छोट्या विमानानं जावं लागतं. सामान हातातल्या पिशवीसकट साधारण २० किलो चालतं. कडक सुटकेस नको, मऊ पिशवीच घ्या.

• जुलैत पहाटे कडाक्याची थंडी असते. स्वेटर, कानटोपी हवीच. कपडे मातकट रंगाचे असावेत.

• कपडे धुऊन मिळतात. पण तिथल्या रिवाजाप्रमाणे आतले कपडे बऱ्याच कॅम्पमध्ये धुवत नाहीत. साबणाची पूड मात्र ठेवलेली असते.

• शाकाहारी असाल तर आरक्षण करतानाच कळवा.

• हिवतापाच्या गोळ्यांबद्दल निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारा.

• अगदी लहान मुलांना पुष्कळ कॅम्प घेत नाहीत.

एवढा खर्च कशासाठी?

मोसमात चांगल्या कॅम्पमध्ये माणशी एका रात्रीचे हजार डॉलरहूनही अधिक पडतात. ऐकून छातीत धस्स होतं. पण ‘माणसं थोडी, दर जास्त’ हे तिथल्या सरकारचं ठरलेलं धोरण आहे. गर्दी वाढली तर पाणी आणि रान दोन्ही नासेल. शिवाय आसपासच्या गावांतल्या स्त्री-पुरुषांना या कॅम्पमधून पगार मिळतो. एत्शा गावच्या बायका मोकोला नावाच्या ताडाच्या पात्यांच्या सुरेख टोपल्या विणतात, त्यांनाही गिऱ्हाईक मिळतं. आठवण म्हणून काही घ्यायचं तर अशी टोपली घ्या.

हे रान राखण्यातही एका बाईचा मोठा वाटा आहे, बरं का! शिकारीपायी जनावरं घटत चालली, तेव्हा बाटावाना जमातीचा कारभार पतीमागे सांभाळणाऱ्या एलिझाबेथ पुलाने मोरेमी यांच्या पुढाकारानं १९६३ साली मोरेमी अभयारण्य झालं.

मात्र हे पाणी येतं दुसऱ्यांच्या अंगणातून. वरच्या देशांत ते अडलं, तर खाली काय उरेल? २०१९ च्या दुष्काळात पूर अगदी थोडा आला आणि जनावरांचे फार हाल झाले. अंगोला, नामिबिया आणि बोट्स्वाना यांनी १९९४ सालीच नदीसाठी एकत्र आयोग नेमला, तो याच काळजीपोटी.

एका नळावर तीन बिऱ्हाडं असली की समजुतीनंच घ्यावं लागतं. हे आपल्याला कुणी वेगळं सांगायला का हवं?