नाव आपले, तरच वेबसाईट आपली

दुकानाची पाटी कोणत्याही पेंटरने रंगविली तरी ती आपलीच असते. वेबसाईटच्या बाबतीत मात्र हा साधा हिशेब आपण विसरतो. आम्हीही विसरलो होतो.

आमच्या दुकानाची वेबसाईट ओळखीच्या एका मुलाने करून दिली. डोमेन, म्हणजे वेबसाईटचे नाव, त्याने स्वतःच्या ईमेलवर नोंदविले. पुढे तो नोकरीनिमित्त परदेशी गेला. नूतनीकरणाची सूचना त्याच्या जुन्या ईमेलवर पडून राहिली, मुदत टळली आणि नाव दुसऱ्याच कोणी घेतले. पाने आमच्याजवळ होती, ती एका संध्याकाळी पुन्हा चढविता आली. पण कार्डांवर आणि पिशव्यांवर छापलेले नाव हातचे गेले.

यास्तव नाव स्वतःच्या ईमेलवर व मोबाईलवरच नोंदवावे. ते कायमचे विकत मिळत नाही, मुदतीने मिळते; .कॉमचे नाव एका वेळी जास्तीत जास्त १० वर्षांसाठी घेता येते. मुदत संपून नाव रद्द झाले तरी .कॉममध्ये पुढील ३० दिवस जादा पैसे भरून ते सोडविता येते. त्यानंतर ते कोणालाही खुले होते.

आता पानांकडे वळू. स्टॅटिक वेबसाईट म्हणजे छापील हँडबिल. जसे लिहिले तसेच पान प्रत्येकाला दिसते. मागे डेटाबेस नसतो, त्यामुळे बिघाड कमी आणि खर्चही कमी. पत्ता, फोन, वेळ, मालाचे फोटो व दर यांसाठी एवढे पुरे आहे. ऑनलाईन पैसे घ्यायचे असतील तर वेगळी व्यवस्था लागते.

पान साध्या नोटपॅडमध्येही एचटीएमएलमध्ये लिहिता येते. मुख्य पानाच्या फाईलला ‘इंडेक्स’ हे नाव द्यावे. मराठी अक्षरे नीट दिसण्यासाठी फाईल यूटीएफ-८ मध्ये साठवावी. फाईलींची नावे इंग्रजी लहान अक्षरांत, मध्ये जागा न सोडता लिहावीत. लहान-मोठ्या अक्षरांचा फरक विंडोज चालवून घेते, बहुतेक सर्व्हर घेत नाहीत. मग घरी दिसणारा फोटो वेबसाईटवर दिसत नाही. मोबाईलवरचे फोटो आकाराने लहान करूनच चढवावेत.

पाने ठेवण्याच्या जागेला होस्टिंग म्हणतात. गिटहब पेजेसवर वैयक्तिक परिचयाची पाने १ जीबीपर्यंत मोफत ठेवता येतात. ऑनलाईन विक्रीचा धंदा तेथे चालविण्यास मनाई आहे. दुकानासाठी भाड्याची जागा घ्यावी. नाव आणि जागा डीएनएस नोंदीने जोडावी लागतात. त्याचा परिणाम दिसण्यास काही तास, क्वचित एक-दोन दिवस लागतात. ब्राउझरमधील ‘असुरक्षित’ हा इशारा टाळण्यासाठी लागणारे प्रमाणपत्र लेट्स एन्क्रिप्टकडून मोफत मिळते.

सर्व पानांची एक प्रत घरी ठेवावी. याहूने २००९ मध्ये जिओसिटीज बंद केले, तेव्हा प्रत नसलेल्यांना हात चोळत बसावे लागले. होस्टिंग बदलता येते, पाने पुन्हा लिहिता येतात. गेलेले नाव परत मिळेलच असे नाही. तुमची वेबसाईट आधीच असेल, तर डोमेन कोणाच्या नावावर आहे ते आजच विचारून घ्या.