गिटारच्या खोक्यातील खर्ज

बंगळूरच्या उत्तरेस, येलहंक्यापासून काही किलोमीटरवर असलेल्या जलहळ्ळी येथे भारत इलेक्ट्रॉनिक्स या सरकारी उद्योगाने 1961 मध्ये रेडिओच्या निर्वात नळ्यांचे, म्हणजेच व्हॉल्व्हचे, उत्पादन सुरू केले, आणि तेथे घडलेला ईसीसी 83 हा छोटा व्हॉल्व्ह जुन्या गिटार ॲम्प्लिफायरचे परदेशी शौकीन आजही शोधून विकत घेतात. अशा ॲम्प्लिफायरमध्ये खर्ज कमी पडतो ही तक्रार त्या यंत्रांइतकीच जुनी आहे. परंतु तिचा दोष व्हॉल्व्हकडे क्वचितच जातो, कारण दोन टप्प्यांना जोडणारा 0.022 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि त्यापुढचा 1 मेगाओहमचा रोध मिळून सुमारे 7 हर्ट्झपासून वरचे सर्व काही पुढे जाऊ देतात, तर गिटारची सर्वांत जाड तार 82 हर्ट्झला वाजते. लहान ॲम्प्लिफायरमधील तुटपुंजा आउटपुट ट्रान्सफॉर्मर थोडा खर्ज अडवतो हे खरे, पण बाकीचा हरवतो तो स्पीकर आणि त्याचे खोके यांच्यात.

अमेरिकेत राइस आणि केलॉग यांनी 1925 मध्ये सिद्ध केलेला स्पीकर, ज्यात चुंबकाच्या फटीतील तारेचे वेटोळे कागदी शंकूला पुढेमागे ढकलते, तोच गिटारच्या खोक्यात आला. मात्र 1950 च्या दशकातील बहुतेक खोक्यांची मागची बाजू उघडी असे. शंकू पुढे सरकतो तेव्हा त्याच्या मागची हवा विरळ होते, आणि खालच्या स्वरांची तरंगलांबी (82 हर्ट्झला ती सुमारे 4.2 मीटर भरते) खोक्याच्या रुंदीच्या मानाने फार मोठी असल्यामुळे मागची लाट वळसा घालून पुढच्या लाटेला बऱ्याच अंशी रद्द करते. फेंडर कंपनीने बास गिटारसाठी 1952 मध्ये आणलेला बासमन प्रथम 15 इंची एकाच स्पीकरचा होता, पुढे तो 10 इंची चार स्पीकरांचा आणि उघड्या पाठीचा झाला, आणि बासवादकांपेक्षा गिटारवादकांनीच तो अधिक उचलून धरला, यात नवल नाही. लंडनमध्ये जिम मार्शल यांच्या दुकानाने 1960 च्या दशकाच्या आरंभी याच बासमनच्या मंडलावर आपला ॲम्प्लिफायर बेतला, पण तो 12 इंची चार स्पीकरांच्या बंद खोक्याला जोडला, आणि त्याच्या वेगळ्या, भरीव आवाजाचे मोठे श्रेय या खोक्याकडे जाते.

मागे फळी ठोकली की काम झाले, असे मात्र नाही. कोंडलेली हवा स्प्रिंगसारखी वागते आणि स्पीकरची अनुनाद वारंवारता, म्हणजे ज्या स्वराला तो आपण होऊन सर्वाधिक थरारतो ती, वर ढकलते. हवेचा ताठपणा शंकूच्या टांगणीइतकाच असेल, तर 55 हर्ट्झचा स्पीकर 78 हर्ट्झवर जाऊन बसतो. लहान खोके बंद केल्यावर जो ढबढब आवाज येतो त्याचे कारण हेच, आणि म्हणूनच खोक्याचे घनफळ हा या साऱ्या खटाटोपातला पहिला प्रश्न ठरतो.

त्याचे गणित तुलनेने उशिरा हाती आले. खोक्याला नळीवजा भोक ठेवून मागची लाट कामी लावण्याची युक्ती थुरास यांनी बेल प्रयोगशाळेत काढली होती आणि तिचे पेटंट 1932 चे आहे, परंतु दिलेल्या स्पीकरला किती मोठे खोके आणि केवढे भोक हवे, हे नेमके मांडले ते ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील यांनी 1961 मध्ये आणि पुढे रिचर्ड स्मॉल यांनी 1970 च्या दशकाच्या प्रारंभी. या मापांत बसवून पाहिले की जुने गिटार स्पीकर भोकाच्या खोक्याला सहसा मानवत नाहीत असे दिसते. त्यांचा अनुनाद सैल असतो, वेटोळ्याची मोकळी हालचाल जेमतेम एखाद्या मिलिमीटरची असते, आणि भोकाच्या स्वराखाली हवेचा आधार सुटताच शंकू भलताच हलू लागतो.

उरतो खुद्द स्पीकरवरील उपचार. शंकूवर लेप देऊन त्याचे हलते वस्तुमान दुप्पट केले, तर अनुनाद जवळजवळ तीस टक्क्यांनी खाली येतो, परंतु त्याच वेळी सुमारे 6 डेसिबल आवाज गमवावा लागतो, म्हणजे 15 वॉटचा ॲम्प्लिफायर 4 वॉटचा असल्यासारखा वाजतो. ही किंमत भलतीच आहे. जोरदार चुंबक बसवल्याने खर्ज वाढतो ही लोकप्रिय समजूतही उलटीच ठरते, कारण चुंबकाची पकड घट्ट झाली की अनुनादाजवळचा फुगवटा दबतो, आणि वयाने चुंबक क्षीण झालेला स्पीकर कधीकधी नव्यापेक्षा अधिक, जरी ढिसाळ, खर्ज देतो.

भारतात 1991 पूर्वीच्या आयात परवान्यांच्या काळात परदेशी स्पीकर मिळवणे दुरापास्त होते, त्यामुळे येथे टिकून राहिलेला त्या काळचा मूळ स्पीकर दुर्मीळ आहे, आणि त्याच्या शंकूवर एकदा दिलेला लेप पुन्हा काढता येत नाही. 75 हर्ट्झचा स्पीकर जपून ठेवून त्याजागी 55 हर्ट्झचा बसवणे, किंवा मूळ स्पीकर मोठ्या वेगळ्या खोक्यात घालून त्याची पाठ अर्धी झाकणे, हे दोनच उपाय करण्याजोगे आहेत, आणि त्यांतही आधी दुसरा करून पाहावा, कारण स्क्रूने बसवलेली फळी केव्हाही काढता येते.