मागचा लाल दिवा

"ताई, तुमचा ब्रेकलाइट लागत नाही!" चौकात मागचा रिक्षावाला ओरडला आणि माझ्या पोटात धस्स झालं. मागे लेक बसली होती. सासऱ्यांची जुनी मोटारसायकल मी हौसेने चालवते. पण आपण थांबतोय हे मागच्याला कळतच नाही, याचा मला पत्ताच नव्हता!

गॅरेज बंद. म्हटलं, आपणच बघूया. आधी बल्ब काढला. त्यात दोन तारा असतात, एक रात्रीच्या दिव्याची, दुसरी ब्रेकची. म्हणून रात्रीचा दिवा लागतो म्हणजे बल्ब चांगला, असं समजू नये. माझ्या बल्बच्या दोन्ही तारा शाबूत होत्या.

मग पायाच्या ब्रेकजवळचा स्विच पाहिला. ब्रेक दाबला की छोटी स्प्रिंग त्याला ओढते. स्विचच्या दोन वायरी सोडवून एकमेकींना जोडल्या, चावी फिरवली, आणि दिवा लख्ख पेटला! म्हणजे खोट स्विचमध्येच. पेटला नसता, तर वायर, फ्यूज, अर्थिंग तपासावं लागलं असतं.

दुसऱ्या दिवशी जुना स्विच दाखवून नवा आणला. त्याचा नट फिरवून असा बसवला, की ब्रेक लागायच्या किंचित आधी दिवा पेटावा आणि पाय उचलताच विझावा.

आता संध्याकाळी निघताना गाडीची पाठ भिंतीकडे करून ब्रेक दाबते. भिंत लाल झाली, की मगच लेकीला म्हणते, "बस मागे!" मैत्रिणींनो, तुमच्या गाडीचा दिवा आजच बघा.