आनुषंगिक आणि अनपेक्षित

‘साइड इफेक्ट’ या इंग्रजी शब्दासाठी आपण सरसकट ‘दुष्परिणाम’ म्हणतो. औषधाने अंगावर पुरळ उठले, तर तो शब्द योग्यच आहे. परंतु मुख्य कार्यासोबत येणारे प्रत्येक फळ वाईट नसते. अशा वेळी ‘आनुषंगिक परिणाम’ म्हणणे बरे. ‘अनुषंग’ म्हणजे चिकटून येणे. त्यात बऱ्यावाइटाचा निवाडा नाही.

आंब्याच्या मुळाशी तर्पण केले असता पितर तृप्त होतात आणि झाडालाही पाणी मिळते. यालाच ‘आम्रसेकपितृतर्पणन्याय’ म्हणतात. झाडाला मिळालेले पाणी आनुषंगिक खरे, पण अनपेक्षित नव्हे. तर्पण करणाऱ्यास ते ठाऊकच असते. ‘करायला गेलो गणपती, झाला मारुती’ या म्हणीची गोष्ट निराळी. तेथे मूळ हेतूच फसतो. आनुषंगिक परिणामात हेतू साधतो आणि त्याच्या पाठोपाठ आणखी काही घडते.

हा भेद गिरगाव-लालबागच्या चाळींत स्पष्ट दिसतो. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने जुन्या जागांची भाडी साधारणतः सप्टेंबर १९४० च्या पातळीवर रोखली. टंचाईच्या काळात भाडेकरूस आधार द्यावा, हा त्याचा हेतू होता आणि तो साधलाही. गिरणी कामगारांची व कारकुनांची बिऱ्हाडे शहराच्या मध्यभागी टिकली. परंतु भाडे गोठले तरी दुरुस्तीचा खर्च वाढतच राहिला. मालकांनी हात आखडला, तुळया कुजल्या, पागडीचा व्यवहार फोफावला. अखेर १९६९ साली दुरुस्ती मंडळासाठी वेगळा कायदा करावा लागला आणि अशा इमारतींवर उपकर बसला.

चाळींची ही पडझड ‘अनपेक्षित’ म्हणावी काय? प्रारंभी कदाचित म्हणता येईल. परंतु मूळ कायदा मुदतीचा होता आणि ती मुदत वारंवार वाढविली गेली. त्याची जागा १९९९ च्या नव्या कायद्याने घेतली, तोवर जिने खचलेले सर्वांनी पाहिले होते. डोळ्यांसमोर घडत असलेली गोष्ट आनुषंगिक राहील, अनपेक्षित राहात नाही. आणि जे अपेक्षित आहे, त्याची जबाबदारी टळत नाही.

शिवाय आनुषंगिक म्हणजे क्षुल्लकही नव्हे. ज्याच्या खोलीचे छत कोसळले, त्याला तोच मुख्य परिणाम असतो.