वाइन मुरते, अल्कोहोल नाही!

‘डॉक्टर, रेड वाइन हृदयाला चांगली ना? आणि जुनी असेल तर जास्तच?’ हा प्रश्न बाह्यरुग्ण विभागात अधूनमधून येतो. मुरलेल्या लोणच्यावर वाढलेल्या आपल्या मनाला जुनी वाइन म्हणजे औषधच वाटते. म्हणून बाटलीत नेमके काय मुरते, ते पाहू.

संग्राहक जपून ठेवतात अशा वाइनपैकी एक अर्जेंटिनाच्या मेंडोझा प्रांतातली. तिथले प्रसिद्ध द्राक्ष माल्बेक. ही मूळची फ्रान्सची जात मिशेल पूजे या कृषितज्ज्ञाने १८५३ मध्ये अर्जेंटिनात आणली. अँडीजच्या कुशीतले तिथले काही मळे सुमारे १,५०० मीटर उंचीवर आहेत. तिथल्या प्रखर अतिनील किरणांपासून बचावासाठी द्राक्षाच्या सालीत रंगद्रव्ये आणि टॅनिन जास्त साठतात. जिभेला तुरट लागते ते हे टॅनिन. त्याच्या जोरावर चांगली वाइन वर्षानुवर्षे टिकते.

बाटली थंड, अंधाऱ्या जागी आडवी ठेवतात, म्हणजे बूच ओले राहते. आत अगदी थोडा ऑक्सिजन जातो. टॅनिन आणि रंगद्रव्ये एकमेकांना जोडून त्यांच्या लांब साखळ्या बनतात. काही तळाशी गाळ होऊन बसतात. जांभळा रंग विटकरी होतो, तुरटपणा मावळतो, नवे गंध येतात. बदलते ते एवढेच. अल्कोहोल जवळपास तेवढेच, म्हणजे १३-१४ टक्के राहते. दीडशे मिलिलिटरच्या एका ग्लासातून सुमारे १६ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल पोटात जाते, मग बाटली यंदाची असो वा वीस वर्षांपूर्वीची.

हृदयाचा मुद्दा १९९० च्या दशकात गाजला. लोणी-चीज भरपूर खाऊनही फ्रेंच लोकांत हृदयविकार कमी, याचे श्रेय वाइनला दिले गेले. पण मोजके पिणारे अनेकदा सुखवस्तू असतात, आणि न पिणाऱ्यांच्या गटात आजारपणामुळे दारू सोडलेलेही मोजले जातात. त्यामुळे तुलना फसवी ठरते. ‘रेझव्हेरट्रॉल’ या घटकाचाही गवगवा झाला. पण लिटरभर वाइनमध्ये तो जेमतेम काही मिलिग्रॅम असतो. प्रयोगांत वापरतात तेवढी मात्रा मिळवायची तर पिंपेच रिचवावी लागतील.

याउलट, मद्य कर्करोगकारक असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ मध्येच जाहीर केले. मद्याची कोणतीही मात्रा सुरक्षित म्हणता येत नाही, असे संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट केले. स्तनाच्या कर्करोगाचा धोका तर थोड्या मद्यानेही वाढतो.

महागड्या बाटलीचे कौतुक चवीसाठी जरूर करा. मात्र न पिणाऱ्याने हृदयासाठी म्हणून सुरुवात करू नये. यकृताचा आजार किंवा गरोदरपण असेल, तर घोटभरही नको. मधुमेहाच्या किंवा झोपेच्या गोळ्या चालू असतील, तर आधी आपल्या डॉक्टरांना विचारा. हृदय जपायचे असेल, तर रोजचे चालणे, तंबाखूला नकार आणि रक्तदाबाची वेळेवर तपासणी, हे तिन्ही उपाय कोणत्याही बाटलीपेक्षा स्वस्त आणि खात्रीचे आहेत.